ऑप्टोच्या एलईडीला ४७० की १ के? रेझिस्टर नंतर बघू, आधी कंट्रोलरची पिन बघ

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे मागून येऊन वाचणाऱ्यालाही समजेल. बीचवरच्या खांबांवर लागणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी तू १२ व्होल्ट ३ अँपिअरचा फ्लायबॅक (ट्रान्सफॉर्मरवाला स्विचिंग सप्लाय) केलायस, कंट्रोलर यूसी३८४४, फीडबॅकला पीसी८१७ हा ऑप्टो (आतल्या एलईडीच्या उजेडाने सिग्नल मेन्सच्या बाजूला नेणारा) आणि टीएल४३१ (आऊटपुट मोजून ती एलईडी चालवणारा), आऊटपुटला १००० मायक्रोचे दोन कॅपॅसिटर. दहा बोर्ड बनवले, त्यातले तीन फुल लोडवर गुणगुणतात आणि १२ व्होल्टवर लाटा दिसतात, त्यांचा ऑप्टो बदलला की गप्प होतात. सगळेच बोर्ड लोड काढला की किर्र करतात. आणि दोनतीन बोर्डांवर फुल लोडला १२ चे ११.७ होतात. एलईडीच्या सिरीजला तू ४७० ओहम लावलायस कारण नेटवरच्या एका सर्किटात तेवढा होता, दुसऱ्यात १ के होता, तिसऱ्यात २.२ के, आता नक्की किती लावायचा ते विचारतोयस.

गोव्यात फोंड्याला माझं छोटं वर्कशॉप आहे, वीसेक वर्षं हेच चाललंय, थोडं डिझाईन आणि बरंचसं रिपेअर. पावसाळ्यात रिपेअर एवढं असतं की डिझाईनला हात लावायला चवथ उजाडते. तर जे सांगतोय ते टेबलावर बसून केलेलं आहे.

पहिली गोष्ट, तुझे तीन आजार आहेत आणि तिघांची कारणं वेगवेगळी आहेत, एका रेझिस्टरने तिन्ही बरे होणार नाहीत. लोड काढल्यावरची किरकिर बाजूला ठेव, ती शेवटी बघू. ऑप्टो बदलल्यावर जो आजार जातो तो खरा लूपचा आजार आहे, लूप म्हणजे आऊटपुट मोजून कंट्रोलरला परत सांगणारी साखळी. आणि तिथे लोकांची समजूतच चुकलेली असते की एलईडीचा रेझिस्टर हा करंट लिमिट करायला असतो, जसा पॅनेलवरच्या लाल दिव्याला लावतो तसा. तसं नाहीये रे. तो रेझिस्टर तुझ्या अख्ख्या लूपचा गेन ठरवतो, म्हणजे आऊटपुट हललं की उत्तर किती जोरात द्यायचं ते. आणि ऑप्टो म्हणजे तार नव्हे, एकाच नंबरच्या दोन ऑप्टोत कित्येक पट फरक असू शकतो. त्यामुळे "किती लावू" याचं उत्तर एक आकडा नसतं, जास्तीत जास्त किती चालेल आणि कमीत कमी किती चालेल अशा दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसायचं असतं.

आता हिशोब कुठून सुरू करायचा? सगळे आऊटपुटच्या बाजूने सुरू करतात, १२ व्होल्ट वजा एलईडीचा ड्रॉप वगैरे. मी उलटं करतो, कंट्रोलरच्या पिनवर उभा राहतो आणि मागे चालत येतो.

यूसी३८४४ ची पिन २ म्हणजे फीडबॅक, ती तू ग्राउंड केलीस आणि ऑप्टोचा कलेक्टर पिन १ ला म्हणजे कॉम्पला (हिचं व्होल्टेज जेवढं वर तेवढी सप्लायची ताकद जास्त), एमिटर पिन ५ ला म्हणजे ग्राउंडला लावलास, हे बरोबर. जुन्या बोर्डात ऑप्टो पिन २ मध्ये सिग्नल भरताना दिसतो, तेही चालतं पण मग आतला एरर अँप्लिफायर आणि बाहेरचा टीएल४३१ असे दोन ड्रायव्हर एका गाडीत बसतात. मला ते पटत नाही. पिन २ ग्राउंड केली की आतला अँप्लिफायर पिन १ ला वर ढकलायला बघतो पण त्याची ताकद कमी असते, डेटाशीटमध्ये किमान ०.५ मिलिअँप आणि साधारण ०.८ दिलंय, मी सरळ १ मिलिअँप धरतो. त्याशिवाय तू पिन ८ च्या ५ व्होल्टवरून पिन १ ला ४.७ के लावलायस, हे बरं केलंस, आतल्या सोर्सवर एकट्यावर सोडलं असतंस तर गेनचा काही हिशोबच लागला नसता, कारण करंट सोर्सचा रेझिस्टन्स म्हणजे काय धरणार? ४.७ के लावला की निदान एक ठोस आकडा हातात येतो.

पिन १ चं व्होल्टेज कुठून कुठपर्यंत फिरतं बघ. आत दोन डायोडचे ड्रॉप आहेत, म्हणून १.४ व्होल्टच्या खाली गेलं की पल्स बंद. त्याच्यावर एकतृतीयांश होऊन ते करंट सेन्सच्या कंपेरेटरला जातं, तिथे १ व्होल्टची मर्यादा, म्हणजे वरचं टोक साधारण ४.४. तुझ्या सप्लायला फुल लोडला कॉम्प ३.९ च्या आसपास असेल असं धरू. मग ऑप्टोला किती खेचायचंय? फुल लोडला आतला १ मिलिअँप आणि ४.७ के मधून येणारा ५ वजा ३.९ भागिले ४.७ के, म्हणजे पाव मिलिअँपपेक्षा थोडं कमी, एकूण सव्वा. लोड नसताना कॉम्प १.४ वर आणायचाय तर १ अधिक ०.७७, पावणेदोन. थोडी जागा सोडून २ मिलिअँप म्हण. म्हणजे ऑप्टोचा ट्रान्झिस्टर आयुष्यभर सव्वा ते दोन मिलिअँपच्या मध्येच नाचणार आहे. एवढाच त्याचा धंदा. आणि गंमत अशी की लोड जास्त तेव्हा ऑप्टो कमी खेचतो आणि लोड नाही तेव्हा जास्त. नवीन पोरं इथे नेहमी गोंधळतात.

आता ऑप्टो ओलांडून पलीकडे जायचं तर सीटीआर लागतो, एलईडीत जेवढा करंट घातला त्याच्या किती टक्के कलेक्टरला मिळतो तो आकडा. पीसी८१७ चा सीटीआर ५ मिलिअँपला ५० ते ६०० टक्के, बिनरँकचा घेतलास तर एवढी मोकळीक कंपनीला आहे. रँक घेतलास तर ए म्हणजे ८० ते १६०, बी १३० ते २६०, सी २०० ते ४००, डी ३०० ते ६००. तू काय घेतलंस ते लिहिलं नाहीस, म्हणजे बहुतेक पुडीत मिळाले ते लावलेस आणि पुडीत ए पासून डी पर्यंत सगळे एकत्र असणार. ऑप्टोच्या अंगावर नंबरच्या खाली किंवा शेजारी बारीक अक्षर असतं, भिंग घेऊन बघ. मी पैज लावतो तुझ्या गुणगुणणाऱ्या तिघांवर सी किंवा डी निघेल.

मी बी घेतो. त्याचं खालचं टोक १३०. पण १३० हा नव्या मालाचा, २५ डिग्रीचा, ५ मिलिअँपचा आकडा आहे. तू एलईडीत ३ मिलिअँप घालणार म्हणून थोडं कमी कर, ०.८५ ने गुण. खांबावरच्या डब्यात मे महिन्यात दुपारी आत ७० डिग्री सहज होतं, गरम झालं की सीटीआर उतरतो, ०.७ ने गुण. एलईडी वर्षानुवर्षं जळून मंद होते, त्याचे ०.८. गुणाकार कर, ६० टक्क्यांच्या जरा वर येतो, मी ६० धरतो. हे ०.७ नि ०.८ कुठल्या पुस्तकातले नाहीत, माझ्या सवयीचे आहेत. तुला जास्त घाबरून राहायचं असेल तर अजून कमी धर, पण धर. वरचं टोक मात्र नवीन, थंड, नशीबवान पीसाचं, २६०.

म्हणजे सगळ्यात आळशी ऑप्टोला २ मिलिअँप खेचायला एलईडीत २ भागिले ०.६, ३.३ मिलिअँप लागतील. आणि सगळ्यात उत्साही ऑप्टोला फुल लोडला सव्वा भागिले २.६, म्हणजे अर्धा मिलिअँपसुद्धा नाही.

इथेच तुझा दुसरा आजार सापडला बघ. टीएल४३१ ला नीट काम करायला स्वतःच्या पोटात किमान १ मिलिअँप लागतो. तुझ्या सर्किटात त्याला जो करंट मिळतो तो फक्त एलईडीतून येणारा, आणि उत्साही ऑप्टो असेल तर फुल लोडला तो ०.४७, डी रँकचा असेल तर ०.२. टीएल४३१ अर्धपोटी. मग तो २.४९५ वर ताठ उभा राहत नाही, आधीच वाकतो, आणि आऊटपुट ११.७ वर बसतं. त्याला उपाय दहा पैशाचा आहे, एलईडीच्या दोन पायांना पॅरलल १ के. एलईडीवर सव्वा व्होल्टच्या आत ड्रॉप असतो म्हणून त्या १ के मधून जवळपास १.१ मिलिअँप सतत टीएल४३१ ला जातो, लोड काहीही असो. काही जण हा बायस १२ व्होल्टवरून थेट कॅथोडला देतात, पण तिथे कॅथोडचं व्होल्टेज हललं की बायस हलतो, एलईडीला पॅरलल जास्त स्वच्छ. अजून एक फायदा म्हणजे टीएल४३१ बंद असतानाही थोडा करंट पितो, तो एलईडीतून न जाता या १ के मधून जातो, नाहीतर एलईडी उगाच मिणमिणत राहते.

आता रेझिस्टर. १२ मधून एलईडीचे १.२ काढ, टीएल४३१ चे २.५ काढ (त्याच्या खाली तो जात नाही असं समज), उरले ८.३ व्होल्ट. त्या रेझिस्टरमधून ३.३ आणि बायसचे १.१, असे ४.४ मिलिअँप जायला हवेत. ८.३ भागिले ४.४, १.८८ के. हे वरचं टोक. याच्यापेक्षा मोठा लावलास तर म्हाताऱ्या ऑप्टोला लोड नसताना कॉम्प खाली ओढता येणार नाही आणि आऊटपुट वर चढेल. १.८ के अगदी काठावर, मी १.५ के लावेन.

आणि खालचं टोक गेन ठरवतो. या जोडणीत मधल्या फ्रिक्वेन्सीचा गेन म्हणजे पुलअप गुणिले सीटीआर भागिले एलईडीचा रेझिस्टर, बस. तुझा ४.७ के आणि ४७० ओहम, म्हणजे दहापट गुणिले सीटीआर. सी रँकचा ४०० टक्के आला तर ४०, डीचा ६०० आला तर ६०. माझ्या १.५ के ला ३.१ गुणिले सीटीआर, म्हणजे ६० टक्क्यांना १.९ आणि २६० टक्क्यांना ८.१.

हे आकडे पॉवरच्या बाजूला जोडून बघ. डिसकंटिन्युअसमध्ये (दर पल्सला ट्रान्सफॉर्मर पूर्ण रिकामा होतो असा) चालणारा करंट मोडचा फ्लायबॅक आहे असं धरलं तर कॉम्पपासून आऊटपुटपर्यंतचा डीसी गेन १२ भागिले २.५ (कॉम्प ३.९ वजा १.४), ४.८. त्याचा पोल (जिथून पुढे गेन उतरायला लागतो ती फ्रिक्वेन्सी) १ भागिले पाय (३.१४) गुणिले ४ ओहम लोड गुणिले २००० मायक्रो, ४० हर्ट्झ. म्हणजे १ किलोहर्ट्झला पॉवरचा गेन ०.१९ च्या आसपास. मग माझ्या १.५ के ने क्रॉसओव्हर (लूपचा एकूण गेन १ वर येतो ती फ्रिक्वेन्सी) सगळ्यात आळशी बोर्डात ३६० हर्ट्झ आणि सगळ्यात चपळ बोर्डात साडेपंधराशे. तुझ्या ४७० ने ए रँकचा ऑप्टो आला तर दीड ते तीन किलोहर्ट्झ, म्हणून तुझे सात बोर्ड शहाण्यासारखे वागतात. सी आला तर साडेसात पावणेआठ, डी आला तर अकराच्या वर. आणि तिथे ऑप्टो स्वतःच आडवा येतो.

आडवा येतो म्हणजे काय, तर ऑप्टोचा ट्रान्झिस्टर हा मोठ्या पोटाचा प्राणी आहे, प्रकाश पकडायला त्याचा बेसचा भाग मोठा ठेवलेला असतो आणि कलेक्टर बेसचा कॅपॅसिटन्स वाढून दिसतो. डेटाशीटला ८० किलोहर्ट्झ लिहिलेलं बघून लोक खूश होतात पण खाली बारीक अक्षरात लोड १०० ओहम लिहिलेला असतो. तुझा लोड ४.७ के आहे. माझ्या टेबलावर ४.७ के ला बहुतेक पीसी८१७ दहा किलोहर्ट्झच्या आगेमागे ३ डीबी पडलेले मिळालेत, म्हणजे जणू कॉम्पला ३.३ नॅनोचा कॅपॅसिटर कोणीतरी आधीच लावून ठेवलाय. हे तू स्वतः मोजू शकतोस, ऑप्टोला ब्रेडबोर्डवर घे, एलईडीत डीसी बायस देऊन वरून फंक्शन जनरेटरने थोडं हलव, कलेक्टरला ४.७ के ने ५ व्होल्ट, आणि कलेक्टरचा डीसी ३ व्होल्टच्या आसपास ठेव. फ्रिक्वेन्सी वाढवत जा, लाट सत्तर टक्के झाली की तो तुझा पोल. दहा मिनिटांचं काम आहे, पण आयुष्यभर लक्षात राहतं.

तर तुझे तीन बोर्ड क्रॉसओव्हर नेमका ऑप्टोच्या पोलवर नेऊन बसलेत, फेज संपली म्हणजे उत्तर इतकं उशिरा पोचतं की उलटंच ढकलतं, गुणगुण सुरू. ४७० चा आकडा आला कुठून हे पण सांगतो, तो बहुतेक ५ व्होल्टच्या सप्लायमधला आहे. ५ मधून १.२ आणि २.५ गेले की उरतात १.३, ४.४ मिलिअँपला २९५ ओहम, तिथे छोटा लावावाच लागतो, मजबुरी असते. ५ व्होल्टला म्हणूनच मी टीएलव्ही४३१ वापरतो, १.२४ व्होल्टवर चालतो आणि बायसही खूप कमी मागतो. तुझ्याकडे १२ आहेत, तुला ही कंजुषी करायची गरज नाही.

आता तू विचारशील की गेन जास्त आहे तर टीएल४३१ चा कॅपॅसिटर मोठा करून लूप हळू का नाही करायचा. सगळे हेच करतात, १० नॅनो, १०० नॅनो, १ मायक्रो, आणि मग म्हणतात काहीच फरक पडत नाही. पडणारच नाही! कारण १२ व्होल्टवरून एलईडीकडे दोन रस्ते जातात. एक डिव्हायडरमधून (१२ व्होल्ट वाटून देणारे दोन रेझिस्टर) टीएल४३१ च्या रेफरन्सला, हा हळू रस्ता. दुसरा सरळ एलईडीच्या रेझिस्टरमधून, कारण त्याचं वरचं टोक त्याच १२ व्होल्टला बांधलेलं आहे. टीएल४३१ पूर्ण झोपला तरी आऊटपुट हललं की एलईडीचा करंट हलतोच. हा दुसरा रस्ता बुजवायचा नसतो, उलट याच्यामुळेच आपल्याला फुकटात झिरो (पोलच्या उलट, फेज परत देणारा) मिळतो, पण त्याचा गेन फक्त रेझिस्टरच ठरवतो. कॅपॅसिटर फक्त हळू रस्ता कुठे संपतो ते ठरवतो. त्याच कारणाने कॅपॅसिटरच्या सिरीजला रेझिस्टर लावायचीही गरज नाही.

आऊटपुटला शेवटी छोटा एलसी फिल्टर असेल तर एलईडीचा रेझिस्टर कॉईलच्या आधीच्या कॅपॅसिटरला लाव आणि डिव्हायडर कॉईलच्या नंतर आऊटपुटच्या टर्मिनलला. उलटं केलंस किंवा दोन्ही नंतर घेतलेस तर तो एलसी लूपच्या आत येतो आणि त्याची फेज तुला भोवते.

डिव्हायडरचं माझं मत जरा वेगळं आहे आणि ते गोव्यामुळे आहे. तू वर ३८ के आणि खाली १० के लावलेयस, पुस्तकी हिशोबाने बरोबर. पण एकदा जुलैमध्ये जेटीवरच्या एका बर्फाच्या मशीनचा बोर्ड आला होता, तक्रार अशी की सकाळी कंट्रोलर रीसेट होतो, दुपारी ठीक. माझ्याकडे आणला तर ठीक. तीन वेळा परत गेला, तीन वेळा परत आला, मालकाने मला जवळजवळ खोटारडा ठरवला. चौथ्यांदा मी बोर्ड रात्रभर वर्कशॉपच्या मागच्या पडवीत ठेवला, बाहेर धो धो पाऊस, आणि सकाळी पंखा न लावता मोजला तर १२ चे ११.६५. ३८ के च्या एसएमडी रेझिस्टरखाली फ्लक्स राहिला होता, समुद्राची खारी हवा आणि दमट फ्लक्स मिळून १ मेगओहमच्या आसपास रस्ता तयार झाला होता. ३८ के ला १ मेग पॅरलल केले तर ३६.६ के होतात, २.४९५ गुणिले ४.६६, ११.६३, जवळपास तेच. मशीन तासभर चालली की बोर्ड गरम होऊन सुकायचा आणि आजार पळायचा. माझ्या टेबलावर हॅलोजनचा दिवा असतो, त्याच्या उबेनेच तो बरा व्हायचा, म्हणून मला कधी सापडत नव्हता.

तेव्हापासून मी खाली २.२ के आणि वर ८.२ के अधिक १८० ओहम लावतो, हिशोबाने नेमके १२ येतात. त्याच एक मेगच्या गळतीला आता ११.९२ होतील, चालतंय. १.१ मिलिअँप फुकट जातो, तेरा चौदा मिलिवॉट, त्याचं काय एवढं. आणि रेफरन्स पिन दोन ते चार मायक्रोअँप पिते, ३८ के ला त्यानेच आऊटपुट ०.०८ ते ०.१५ व्होल्ट वर जायचं, ती कटकटही गेली. वरचा रेझिस्टर ८.४ के झाला की रेफरन्स ते कॅथोड कॅपॅसिटर १०० नॅनो लाव, झिरो १९० हर्ट्झला येतो, आपल्या सगळ्यात हळू क्रॉसओव्हरच्याही खाली. टीएल४३१ च्या कॅथोड अॅनोडला मात्र थेट कॅपॅसिटर लावू नकोस, काही किमतींना तो स्वतःच नाचायला लागतो.

कॉम्पला, पिन १ ते पिन ५, ३.३ नॅनो. ऑप्टोचे स्वतःचे ३.३ आणि हे ३.३ मिळून ४.७ के ला पोल पाच किलोहर्ट्झला येतो, स्विचिंगचा कचरा खाली बसतो. हा कॅपॅसिटर आयसीच्या पायाला चिकटून हवा. ऑप्टोही आयसीच्या जवळ, आणि एलईडीच्या बाजूचे ट्रॅक लांब गेले तरी चालेल. कलेक्टरचा ट्रॅक मॉस्फेटच्या ड्रेनच्या शेजारून नेलास तर मी सांगितलेलं सगळं पाण्यात. सहा पायांचा बेस बाहेर असलेला ऑप्टो वापरू नकोस, तो मोकळा बेस पाय अँटेनासारखा वागतो.

ऑप्टोच्या पोटाखालची जागा. डीआयपीच्या दोन रांगांमध्ये ७.६२ मिलिमीटर, तुझे पॅड दोन मिलिमीटरचे म्हणजे तांबं ते तांबं ५.६ उरलं. २५० व्होल्टला, साध्या बोर्डाच्या मटेरिअलला, डबल इन्सुलेशनच्या बरोबरीचं क्रीपेज (पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर) बंद कोरड्या डब्यात ५ मिलिमीटर लागतं, पण दमट आणि धुळीच्या जागी ते ८ होतं. बीचवरचा खांब कोरडा आहे असं तू म्हणणार असशील तर म्हण. मी तिथे रुंद पायांचा ऑप्टो घेतो, १०.१६ मिलिमीटरवाला, आणि खाली दीड मिलिमीटर रुंद खाच कापून घेतो. पीसीबीवाला खाचेचे वेगळे पैसे सहसा घेत नाही, फक्त ड्रॉईंगमध्ये नीट दाखव. बोर्ड धुवून, सुकवून मगच कोटिंग, फ्लक्सवर कोटिंग म्हणजे ओल्या भिंतीवर रंग.

आणि एक सांगायचं राहिलं, ऑप्टो किंवा त्याचा एक पाय सुटला तर काय होतं? कॉम्प वर जातो, सप्लाय पूर्ण ताकदीने धावतो, आणि तुझे कॅमेरे मरतात. खाऱ्या हवेत सोल्डर तडकणं नवीन नाही. आऊटपुटला १५ व्होल्टचा जाडा टीव्हीएस (जास्तीचं व्होल्टेज स्वतःवर घेणारा डायोड) लाव, तो शॉर्ट होऊन मरेल आणि सप्लाय उचक्या देत राहील. हिकप का म्हणतात ते ऐकून कळेलच.

आता ती लोड नसतानाची किरकिर. स्कोप कॉम्पवर लाव. स्वच्छ साईनसारखी काही किलोहर्ट्झची लाट दिसली तर लूप नाचतोय. पण तुझे सगळे बोर्ड किरकिरतात, ऑप्टो बदलूनही, म्हणजे तुला दिसेल ते वेगळं असेल, चारदोन पल्स, मग शांतता, परत चारदोन पल्स. डिसकंटिन्युअसमध्ये लोड कमी झाला की क्रॉसओव्हर खालीच येतो, लूप शांत व्हायला हवा. तर हा लूप नव्हे. यूसी३८४४ एका किमान वेळेपेक्षा छोटा पल्स देऊ शकत नाही, लोड नसला तर तेवढाही जास्त होतो, म्हणून तो पल्स गाळतो, आणि गाळण्याची फ्रिक्वेन्सी कानाला ऐकू येते, ट्रान्सफॉर्मरचा कोअर वाजतो. आऊटपुटला पाऊण एक वॉटचा डमी लोड म्हणजे १८० ओहम २ वॉटचा लाव आणि कोअरला वार्निश किंवा इपॉक्सी. कॅमेरा जोडलेला असला की असाही येणार नाही, मी तर तिथे वेळ घालवणार नाही.

तपासणी कशी करायची, तर एक डीआयपी सॉकेट लाव ऑप्टोच्या जागी, फक्त एका बोर्डावर. आणि पन्नासेक ऑप्टोंचा सीटीआर मोजून काढ: एलईडीत ५ मिलिअँप, कलेक्टर १०० ओहममधून ५ व्होल्टला, एमिटर ग्राउंड, आणि १०० ओहमवरचं व्होल्टेज. ०.६५ व्होल्ट आले तर १३०, १.३ आले तर २६०. सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा असे दोन बाजूला काढ, त्यांना नेलपॉलिशचा ठिपका दे, हेच तुझे परीक्षक. दोघांवर बोर्ड चालव, वर केस सुकवायचा ड्रायर धर. लोडला एक अँपिअर कायमचा ठेव आणि वरून गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब स्विचने लाव, चालू झाल्यावर तो पावणेदोन अँपिअर घेतो आणि थंड असताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे तो हिशोबापेक्षा कडक परीक्षा घेतो, क्षणभर करंट लिमिटही लागेल. नीट मोजायचं असेल तर बल्बऐवजी ६ ओहम ५० वॉट रेझिस्टर मॉस्फेटने चालूबंद कर. २ अँपिअरच्या उडीला १ किलोहर्ट्झच्या क्रॉसओव्हरने साधारण १६० मिलिव्होल्टची खळगी पडते, आळशी ऑप्टोला ती सव्वाचारशेच्या पुढे जाते, कॅमेऱ्याला त्याचं काही नाही. खळगी पडून एकदा वर येऊन बसलं तर उत्तम, तीनचार वेळा झुलतंय तर अजून १.८ के कडे सरक किंवा रँक खाली आण.

आणि स्कोपची ग्राउंड क्लिप कॉम्पच्या बाजूला लावताना सप्लाय आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर असू दे रे. त्या बाजूचं ग्राउंड तुझ्या घरच्या लाईनला बांधलेलं आहे, क्लिप टेकवली की स्कोप जातो, बोर्ड जातो, आणि नशीब वाईट असेल तर अजून काहीतरी. माझा पहिला स्कोप असाच गेला, हप्ते फेडायचे बाकी होते.

तर आधी सातातला एक चांगला आणि तिनातला एक वाईट बोर्ड घे, दोन्हीवर ऑप्टोचं अक्षर वाच, १.५ के, एलईडीला पॅरलल १ के, डिव्हायडर आणि १०० नॅनो बदल, आणि फुल लोडला कॉम्पचा फोटो टाक, प्रोब १० एक्सवर ठेवून, टाईमबेस वाचता येईल असा.